गुहागरच्या वाडीतलं भाड्याचं घर

गुहागरला उतरायचं तर घरात, हॉटेलात नाही, हे बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिकिटं काढायच्या आधीच सांगून टाकलं होतं. आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. नागपुरात कोकणस्थांची अशी बरीच घरं आहेत, ज्यांचं कोकणात आता कुलदैवत सोडलं तर काही उरलेलं नाही. जमीन नाही, घर नाही, 'या हो' म्हणणारं माणूस नाही. पूर्वज भोसल्यांच्या काळात केव्हातरी चाकरीला आले म्हणतात. आले ते इथलेच झाले. आम्ही घरात 'करून राहिलो, येऊन राहिलो' बोलतो, रविवारी नवऱ्याला सावजी लागतं, पण लग्नपत्रिकेत सगळ्यात वर 'श्री व्याडेश्वर प्रसन्न' असतंच. बाबांचं म्हणणं असं, की देवाच्या गावी जाऊन टाइल्सच्या खोलीत टीव्हीच पाहायचा, तर मग रामदासपेठेतलं हॉटेल काय वाईट आहे?

समुद्राजवळचं कौलारू घर भाड्यानं शोधायला बसलं की डोळे दुखेपर्यंत घरं दिसतात. त्यातली पुष्कळशी मुळात स्लॅबची, वर शोभेला कौलं चिकटवलेली. मी एक युक्ती केली. प्रत्येकाकडे घराच्या आतून वर बघत काढलेला फोटो मागितला. वासे आणि रिपा दिसल्या तर पुढे बोलायचं, पीओपी दिसलं तर नमस्कार. 'सी टच' म्हणून दाखवलेल्या एका घरापासून समुद्र चांगला पावणेदोन किलोमीटर निघाला, तोही कावळ्यासारखं सरळ उडत गेलं तर! दुसरा एक जण स्वयंपाकघराचा फोटो काही केल्या पाठवेना.

आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखतात. त्यामुळे झोपाळा आहे का याआधी माझे प्रश्न वेगळेच होते. संडास घराला लागून आहे की अंगणापलीकडे? कमोड आहे का? पायऱ्या किती? रात्री मालक तिथेच असतात का? राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदलेलं घर असेल तर काही झालं तर दाद मागायला एक दार तरी राहतं. शेवटी ज्यांच्याशी जमलं त्या काकांनी फोनवर आधी मलाच विचारलं, "कांदा-लसूण चालतं का तुमच्याकडे? आणि म्हाताऱ्या माणसांना मऊ भात लागतो का रात्री?" तिथेच ठरलं. भाडं पूर्ण घराचं एका रात्रीचं चार हजार, जेवण ताटाप्रमाणे वेगळं, चहा मोजायचा नाही.

बुधवार

नागपूर-मडगाव गाडी आठवड्यातून दोन वार सुटते आणि चिपळूणला थांबते. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून गाडी हाकत जाणारे वाढलेत; इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये खुला झाला आणि नागपूर ते आमणे 701 किलोमीटर सलग झाले. पण त्यापुढे पनवेल आणि मुंबई-गोवा महामार्ग आहेच. एकूण हजार किलोमीटरच्या घरात जातं ते. आईंच्या गुडघ्यांना रेल्वेच बरी.

सामानात एक पेटी मृग बहाराची संत्री, काका-काकूंसाठी संत्रा बर्फी आणि बाबांची ठेच्याची बाटली. "तिकडे सगळ्यात गूळ घालतात," असं बाबा वर्ध्यापासून अकोल्यापर्यंत सांगत होते. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. पुऱ्या खाल्ल्या, झोपलो.

गुरुवार

जाग आली तेव्हा पनवेल मागे पडलं होतं. रोह्यानंतर कोकण रेल्वे सुरू होते आणि खिडकी सोडवत नाही. बोगदा, दरी, नदी, पुन्हा बोगदा. फेब्रुवारीचा शेवट होता, डोंगर पिवळे पडले होते. हिरवंगार कोकण पाहायचं असेल तर जुलैत यावं, आम्हाला मात्र चालता-फिरता येण्याजोगं कोकण हवं होतं.

चिपळूण स्टेशनवर काकांनी सांगितलेली ईको गाडी उभी होती. तिथून गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर. रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी अशी गावं मागे टाकत रस्ता जातो. वाटेत जांभ्याचे मोकळे सडे, म्हणजे कातळाची पठारं, मोहोरलेले आंबे, आणि वासावरूनच कळणारी काजूची झाडं. मोडकाआगरनंतर घाट उतरताना एका वळणावर समोर एकदम समुद्र आला आणि लेक ओरडली. आई मात्र शांतपणे म्हणाल्या, "हा पाहा, आला आपला देश." त्यांचं माहेर अमरावतीचं.

गुहागर गावाची आखणी एकदा समजली की घराचं सगळं समजतं. गाव म्हणजे समुद्राला समांतर जाणारा एक लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना घरं. समुद्राकडच्या अंगाची प्रत्येक मिळकत रस्त्याला अरुंद आणि मागे लांबच लांब. पुढे घर, मग माड-पोफळींची वाडी, मग सुरूची झाडं, मग वाळू. रस्त्यावरून समुद्र दिसतच नाही. पुढच्या दारातून शिरायचं आणि मागच्या दारातून समुद्रावर निघायचं, अशी ही घरं.

"सामान ओटीवर ठेवा, आधी पाय धुवा," ही काकांची पहिली आज्ञा. अंगणाच्या कडेला दगडी डोणीत पाणी आणि त्यात तरंगणारा तांब्या. पायांना ते गार पाणी लागलं आणि रेल्वेचा शीण तिथेच उतरला.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घर पाहायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं तपासणीच. त्यांनी भिंतीवर हाताच्या बोटांनी ठोकून पाहिलं. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, दीड हात जाड, वर चुना. खांब फणसाचे, हात फिरवून फिरवून जिथे हात पोचतो तेवढ्या उंचीपर्यंत गुळगुळीत झालेले, त्यावर मात्र खरखरीत. पुढे पडवी, एक पायरी चढून ओटी, आत माजघर, एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला अंधारी कोठीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि मागली पडवी. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो, पण तिथेच सगळ्यात गार. छप्पर इतकं उतरतं की पडवीच्या टोकाला नवऱ्याला वाकून बाहेर पडावं लागे. (दोनदा कपाळ आपटलं, तिसऱ्यांदा शहाणपण आलं.)

"एवढं खाली कशाला आणलं हो?" नवऱ्यानं विचारलं.

"पावसाला विचारा," काका म्हणाले.

बरोबरच आहे. आमच्याकडे वर्षाचा पाऊस हजार-अकराशे मिलिमीटर. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर जातो, आणि तो आडवा येतो. पावसाळ्याच्या तोंडावर पडवीच्या मोकळ्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधतात, तेव्हा कुठे आत बसता येतं. नागपूरचं घर उन्हाला पाठ करून बांधलेलं असतं, हे पावसाला पाठ करून बांधलंय. हे एकदा ध्यानात आलं की खिडक्या एवढ्याशा का, जोतं एवढं उंच का, हे विचारावं लागत नाही.

मागल्या पडवीत जुन्या कौलांची चळत रचलेली होती. लेकीनं एक उचलून उलटं केलं, तर आतल्या अंगाला मंगळूरच्या कारखान्याचा इंग्रजी ठसा. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे गलबतांतून ही कौलं किनाऱ्यानं गावोगाव उतरली. त्याआधी इथे नळ्याची कौलं किंवा गवत. म्हणजे आपण ज्याला अस्सल कोकणी घर म्हणतो त्याचं डोकं मंगळुरी! काकांना यात विशेष काही वाटलं नाही. "फुटलं की बदलायचं, एवढंच. आता ती मिळत नाहीत म्हणून जपून ठेवलीत."

रात्री झोपायच्या वेळी नवऱ्यानं जरा दबकत विचारलं, "काका, एसी नाही तर नाही, कूलर तरी असेल न?"

"कूलर? इथे हवाच ओली. तो आणखी काय ओलं करणार?"

बाबा खोखो हसले. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं म्हणून आमचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो. इथे पाणी उडायलाच तयार नाही. दुपारी वाळत घातलेला टॉवेल रात्रीही दमट होता आणि चिवड्याचा डबा उघडा राहिला तर त्यातले पोहे वातड. पंखा आणि उघडी खिडकी, बास. समुद्राचा आवाज पहिल्या रात्री गाडीसारखा वाटतो, मधूनच दचकून जाग येते. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. मला नीट झोप लागली नाही.

शुक्रवार

पहाटे वाडीतून पाण्याचा आवाज आला. बाबा माझ्याआधीच तिथे पोचले होते, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून.

वाडीचं शिंपणं पाहणं हा त्या घरातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. विहिरीवर लाकडी रहाट अजून उभा आहे, पण त्याचा बैल गेला तेव्हाच पंप आला. पंपाचं पाणी डोणीत पडतं, डोणीतून पाटात आणि पाटातून एकेका झाडाच्या आळ्यात. आळं भरलं की काका पायानंच मातीचं ढेकूळ सारून तोंड बंद करतात आणि दुसऱ्याचं उघडतात. मोठं तोंड असेल तिथे पोफळीची विरी आडवी लावायची. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा देठाकडचा रुंद, चामड्यासारखा भाग. ती पाणी अडवते, वाकते, मोडत नाही. बरेच जण आता तुषार सिंचन करतात. काका म्हणाले, "ते चांगलंच आहे, पण मग मी सकाळी करायचं काय?"

बाबांना मुळात वेगळाच प्रश्न पडला होता. समुद्र दोन-अडीचशे पावलांवर. विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी चाखलं. "एवढ्या जवळ खारं पाणी अन् विहिरीला गोडं कसं काय लागून राहिलं हो?"

"गोडंच आहे. पण हावरटपणा केलात तर नाही. पंप तासभर चालवा, गोडं. दिवसभर उपसा, संध्याकाळी मचूळ."

यावर दोघांची अशी काही जमली की चहा दोनदा गार झाला. वाळूत पावसाचं मुरलेलं पाणी खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. वरचं बेतानं घेतलं तर खालचं जागेवर राहतं. ओढून घेतलं तर खारं वर चढतं. बाबांनी नोकरीत हे पुस्तकात वाचलेलं, काकांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. आता गावात हॉटेलं वाढली, प्रत्येकाची बोअर, प्रत्येकाच्या छपरावर टाक्या. काका त्याबद्दल तावातावानं बोलले. त्यांच्याकडे मोटारीला वेळ लावलेली आहे, आणि पाहुण्यांनी शॉवर मागितला तर बादली मिळते. मला हा नियम पटला.

वाडीत नुसते माड-पोफळीच नाहीत. पोफळींवर मिरीचे वेल चढवलेत, मधल्या सावलीत जायफळाची चार झाडं, खाली केळी आणि अननस. नारळाच्या बागेत मसाल्याची झाडं लावण्याची ही पद्धत रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं रुजवली, 'लाखीबाग' म्हणतात तिला. लाख मिळतात का, असं नवऱ्यानं विचारल्यावर काकांनी वर बोट दाखवलं. माडाच्या शेंड्यावर वानरांची टोळी बसली होती, आणि कोवळे नारळ टपाटप खाली येत होते. "आधी त्यांचे लाख होऊ दे."

दहाच्या सुमारास व्याडेश्वराला गेलो. देऊळ गावाच्या मधोमध, शिवपंचायतन पद्धतीचं. मध्ये महादेव आणि भोवती चार कोपऱ्यांत सूर्य, गणपती, देवी आणि विष्णू यांची लहान देवळं. आवारात आमच्यासारखीच माणसं. कुणी पुण्याची, कुणी इंदूरची, एक कुटुंब बडोद्याचं. पूजा सांगायला बसलेल्या गुरुजींनी गोत्र विचारलं, आडनाव विचारलं, "नागपूरचे का?" म्हणाले आणि पुढच्या मंत्राला लागले. बाबांना बहुधा जास्त चौकशीची अपेक्षा होती. आईंनी मात्र सगळ्या घराची, चुलत-मावस धरून, नावं घेऊन अभिषेक केला. त्यात त्यांचा अर्धा तास गेला.

परत आलो तर काकू मागल्या पडवीत विळी घेऊन बसलेल्या. ओल्या काजूच्या हिरव्या बिया समोर टोपलीत. मी मदतीला बसायला गेले.

"थांब गो, हात दाखव. तेल लावलंस का?"

काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. म्हणून आधी दोन्ही हातांना खोबरेल चोपडायचं, बी विळीवर उभी धरून मधोमध कापायची आणि टोकदार काडीनं आतला पांढरा गर अलगद उचलायचा. तो बोटाला लागू न देता. काकूंची एक बी होईपर्यंत मी नुसतीच बी धरायची कशी ते पाहत होते. शंभरभर बियांची उसळ पाच माणसांना जेमतेम पुरते. हॉटेलात तिची किंमत वाचून आपण भुवया उंचावतो. त्या दुपारनंतर मी उंचावणार नाही. नागपूरला येऊन पाहिलं तेव्हाही बोटांच्या पेरांना दोन काळे डाग होते.

ताटात ओल्या काजूची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, आमटी, तांदळाची भाकरी, सोलकढी. बाबांनी ठेच्याची बाटली काढली, उघडली, आमटी चाखली, आणि झाकण परत लावलं. आमटीत गूळ होताच. पण त्यावर ते काही बोलले नाहीत.

जेवणानंतरची दुपार पडवीत गेली. खरं सांगायचं तर या घराचं भाडं समुद्रासाठी नाही, पडवीसाठी द्यावं. समुद्रावर माणूस सकाळ-संध्याकाळ तास-दोन तास जातो. बाकी सगळा वेळ पडवीत. आई झोपाळ्यावर, नवरा जमिनीवर पाठ टेकून घोरतोय, लेक पायरीवर, आणि अंगणात वाळत घातलेली सुपारी. ती चाळीसेक दिवस उन्हात वाळवावी लागते, संध्याकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. कोंबड्या हाकलायचं काम आईंनी न सांगता स्वतःकडे घेतलं. लेकीला काकांनी वाळलेल्या विरीवर बसवून अंगणभर ओढली. कॉलेजात जाणारी मुलगी, पण दोन फेऱ्या मारल्या तिनं.

संध्याकाळी वाडीतून मागच्या बेड्यानं, म्हणजे फाटकानं, बाहेर पडलो. सुरूच्या झाडांखालून शंभर पावलं, की सहाएक किलोमीटरची सलग वाळू. डावी-उजवीकडे टोकं धूसर. शनिवार-रविवार नसल्यानं माणसं तुरळक. आत्यांचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे खिडकीबाहेर अंधारायला लागलेलं, आमच्याकडे अजून ऊन. "तुमच्याकडे सूर्य बुडायचाच आहे का बाप्पा?" बाबांनी तिथेच हिशेब मांडला. नागपूर आणि गुहागर यांच्या रेखांशांत सहाएक अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं. शिवाय थंडीचे दिवस, त्यात आपण दक्षिणेला. जवळजवळ अर्धा तास जास्तीचा उजेड मिळतो म्हणायचा. आत्यांनी हिशेब न ऐकता सूर्य दाखवा म्हणून सांगितलं.

शनिवार

आदल्या रात्री निरोप आला होता, की सकाळी कासवाची पिल्लं सोडणार आहेत. साडेसहाला समुद्रावर पोचलो.

गुहागरचा किनारा हे ऑलिव्ह रिडले कासवांचं अंडी घालायचं मोठं ठिकाण. हिवाळ्यात माद्या रात्री वाळूवर येतात, दीडेक फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून परत जातात. पुन्हा ढुंकून पाहत नाहीत. कोल्हे-कुत्री ती उकरून खातात म्हणून वनखात्याचे कासवमित्र पहाटे माद्यांच्या पावलांचा माग काढत जातात, अंडी उचलून जाळीच्या कुंपणातल्या उबवणीच्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात आणि तारखेची पाटी लावतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. वाळू किती तापली त्यावर नर होणार की मादी हे ठरतं, म्हणून खड्ड्याची खोली चुकवून चालत नाही.

कासवमित्रानं दोरी बांधली, सगळ्यांना तिच्यामागे उभं केलं. फ्लॅश नाही, पुढे यायचं नाही, हात लावायचा नाही. मग टोपली आडवी केली. मुठीत मावतील एवढी काळी पिल्लं, ओल्या वाळूवर. पहिलं निघालं, थांबलं, मान वर केली, पुन्हा निघालं. त्याच्या चालीमागे वाळूवर उमटलेली ती बारीक नक्षी मी वाकून पाहत होते, तेवढ्यात लाट आली आणि ते उलटं होऊन मागे आमच्याकडेच आलं. पुन्हा सरळ झालं, पुन्हा निघालं. लेकीच्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलानं उचलून पाण्यात टाकू का, असं विचारलं. कासवमित्र म्हणाला, "नको. त्याला स्वतःच चालू दे, त्यातूनच किनारा त्याच्या ध्यानात राहतो म्हणतात." माद्या मोठ्या झाल्यावर अंडी घालायला त्याच किनारपट्टीकडे परततात, असं तज्ज्ञ मानतात.

फेब्रुवारी 2023 मध्ये इथूनच दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवून सोडलं होतं, बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री दक्षिणेला जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "अन् आपल्याला हजार किलोमीटरचं एवढं कौतुक!"

बाकी दिवस फिरण्यात गेला, तो थोडक्यात सांगते. हेदवीला टेकडीवरचा दशभुज लक्ष्मीगणेश पाहिला, संगमरवरी आणि देखणा. पायऱ्या चढायच्या नसतील तर गाडी वरपर्यंत जाते, हे आईंसारख्यांनी लक्षात ठेवावं. तिथल्या समुद्राकाठची बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसलं की कारंजासारखं वर उसळतं. आम्ही गेलो ओहोटीला, त्यामुळे दिसली ती नुसती चीर. भरतीची वेळ काकांना विचारून निघावं, त्यांच्या भिंतीवर पंचांग असतं आणि तिथीवरून ते तोंडी सांगतात. वेळणेश्वरचा किनारा लहान, माडांनी वेढलेला आणि पोहायला गुहागरपेक्षा बरा वाटला.

उत्तरेला अंजनवेलचं दीपगृह आणि गोपाळगड वेळ असेल तर करावा. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडावर हा किल्ला. जमिनीच्या बाजूला खंदक, बाकी पाणी. तिथून जवळच एन्रॉनचा तो वीजप्रकल्प. नव्वदच्या दशकात पेपरात रोज ज्याच्यावरून भांडणं वाचली, तो 1999 मध्ये सुरू होऊन 2001 मध्ये बंद पडला आणि पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेला. नवऱ्याला किल्ल्यापेक्षा त्याचंच अप्रूप.

काकूंच्या घरात मासे शिजत नाहीत, हे आधीच ठरलेलं. रात्री नवरा आणि लेक बाजारातल्या खानावळीत सुरमई खाऊन आले. "सावजीची सर नाही," हा नवऱ्याचा अभिप्राय. लेकीनं सांगितलं, की बाबानं दोन थाळ्या मागवल्या होत्या.

रविवार

चिपळूणहून परतीची गाडी मध्यरात्रीनंतर, म्हणून सगळा दिवस हातात होता. सकाळी वरच्या पाटातल्या, म्हणजे गावाच्या त्या नावाच्या भागातल्या, दुर्गादेवीला जाऊन आलो. मग काकूंनी उकडीच्या मोदकांची पारी करायला बसवलं. माझ्या मोदकाला पाच कळ्या पडल्या, आईंच्या अकरा. काकूंनी आईंना "तुम्ही इकडच्याच का?" असं विचारलं, आणि आईंनी "नाही हो, अमरावतीची" असं ज्या सुरात सांगितलं, त्यावरून त्यांना किती बरं वाटलं ते कळलं.

दुपारी नारळ उतरवायला पाडेली आला. कमरेला आकडी, आकडीला कोयता, पायांत दोरीचं वेढं. बघता बघता शेंड्याला. खाली कुणी उभं राहायचं नाही, म्हणून काका सगळ्यांना ओरडत होते आणि स्वतः मात्र मध्येच उभे. त्यातलेच सोललेले पंचवीस नारळ आम्ही घेतले, शिवाय सोललेली सुपारी, कोकमं, जायफळाच्या पिशव्या. नारळाला बाजारभावापेक्षा दोन रुपये कमी लावले. बर्फीची परतफेड असावी. बिल काकांनी शाळेच्या वहीच्या पानावर लिहून दिलं. तीन रात्री, इतकी ताटं, मोदक वेगळे. चहाचा रकाना रिकामा.

बाबांनी पैसे मोजून दिले आणि खिशातून डायरी काढली. "पुढच्या वर्षी गणपतीत येतो. आत्ताच ॲडव्हान्स घेऊन ठेवा."

"गणपतीत नाही हो. घर भाड्यानं नसतं तेव्हा."

"काहून?"

"मुंबईची, पुण्याची सगळी माणसं येतात आमची. चाळीस पानं उठतात. शिमग्यालाही तेच. तेव्हा मीच पडवीत झोपतो."

बाबांनी डायरी मिटली नाही. "अन् माघी गणपती?"

काकांनी पंचांग खाली काढलं. पुढच्या वर्षीची माघ शुद्ध चतुर्थी यातून कळायची नव्हती, पण दोघं चष्मे लावून बराच वेळ त्याच्यावर वाकले होते. शेवटी काका म्हणाले, "दिवाळीनंतर फोन करा. आणि येताना ते तिखट आणा, परवा बाटली उघडीच राहिली होती तेव्हा मी चाखलं. बरं होतं." ईकोवाला हॉर्न द्यायला लागला होता. पंचवीस नारळ दोन गोण्यांत घालून मागे टाकले, त्यातली एक गोण चिपळूणच्या फलाटावर फुटली आणि रात्री एक वाजता आम्ही पाच जण बाकांखाली नारळ शोधत होतो.